'अपराधी वाटणे' की 'टोचणी'?

भाषांतरी:
जागतिक आरोग्य संघटनेच्या मद्यपानविषयक १० प्रश्नांच्या चाचणीचा अनुवाद मी समलिंगी, पारलिंगी आणि क्वीअर विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याच्या पाहणीसाठी करीत आहे. सातवा प्रश्न मी असा लिहिला: 'गेल्या वर्षभरात मद्यपानानंतर किती वेळा अपराधी वाटले किंवा पस्तावा झाला?' मसुदा वाचणाऱ्या एका विद्यार्थ्याने 'दर आठवड्याला' या पर्यायावर खूण केली आणि शेजारी पेन्सिलीने लिहिले, 'पण पिण्याबद्दल नाही.' तेथेच मी अडलो आहे.

जुनी वही:
'अपराधी वाटणे' मला परके वाटते. आमची आजी 'मनाला टोचणी लागली' असेच म्हणे.

समुपदेशिका:
टोचणी चालेल, परंतु ती कशाची, हे वाक्यात यायला हवे. ओळख लपवणे, नाकारले जाण्याची धास्ती आणि इतरांचा तिरस्कार स्वतःच्याच मनात मुरणे, या ताणांची मांडणी संशोधक इलन मायर यांनी २००३ मध्ये 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणून केली. अशा मुलाच्या मनात लाज पहिल्या घोटाआधीच असते. पिऊन ती घटकाभर बोथट होते आणि सकाळी दुप्पट होऊन परतते. म्हणून 'मद्यपानानंतर' ऐवजी 'मद्यपान केल्याबद्दल' लिहावे.

भाषांतरी:
मूळ इंग्रजी प्रश्नातही 'नंतर'च आहे. प्रमाणित चाचणीचा अर्थ मी आपल्या मर्जीने अरुंद कसा करू?

शब्दवेल्हाळ:
'मायनॉरिटी स्ट्रेस' मराठीत का नको? 'अल्पसंख्याकांचा ताण' म्हणावे.

समुपदेशिका:
कारण 'अल्पसंख्याक' म्हटले की आपल्याकडे वाचक धर्माचाच विचार करतो.

निमिष:
मी याच विद्यार्थ्यांपैकी एक आहे. आम्ही 'मद्यपान' म्हणत नाही, 'बसतो' म्हणतो. मी समलिंगी आहे, हे मी पहिल्यांदा बोललो ते अशाच एका बसण्यात, समोरच्याकडे न पाहता, ग्लासवरचा ओलावा अंगठ्याने पुसत. त्या बसण्याचा मला पस्तावा नाही. खोलीवर परतल्यावर पुन्हा लपवाछपवी सुरू होते, तिची टोचणी लागते. मात्र आता प्यायल्याशिवाय खरे बोलताच येत नाही, या भीतीसाठी तुमच्या प्रश्नात शब्दच नाही.

शब्दवेल्हाळ:
संस्कृतात 'व्यसन' म्हणजे संकटसुद्धा. 'समानशीलव्यसनेषु सख्यम्' याचा अर्थ मी तरी समदुःखी लोकांची मैत्री असाच लावतो.

जुनी वही:
मला तो अर्थ पटत नाही. आमच्या शिक्षकांनी तेथे 'व्यसन' म्हणजे 'छंद' असेच शिकवले होते, आणि मराठीत ते वचन वापरलेही त्याच अर्थाने जाते.