एरिया नॅव्हिगेशनमधला 'एरिया' म्हणजे नक्की काय?

खिडकीवाला: भाचा पायलटच्या इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेर न दिसता नुसत्या उपकरणांवर विमान उडवायची परवानगी) अभ्यास करतोय, आरनॅव्ह म्हणजे एरिया नॅव्हिगेशन असं वाचलं म्हणाला, मी ऐटीत 'क्षेत्र दिक्चालन' सांगितलं तर म्हणतो मामा, कसलं क्षेत्र? शिवाय चार्टवर (पायलटच्या नकाशावर) आरएनपी म्हणजे रिक्वायर्ड नॅव्हिगेशन परफॉर्मन्स आणि बोलताना सगळे आरनॅव्ह, हे एकच का?

उडाणटप्पू: सिग्नल पोचतो तेवढा टापू, तोच एरिया. आधी एका व्हीओआरवरून (दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन) दुसऱ्या व्हीओआरवर असंच जायचं, वाट वाकडी पडली तरी. आरनॅव्हमध्ये त्या टापूत कुठूनही कुठं सरळ जाता येतं. मला 'टापू'च बरा वाटतो, क्षेत्र म्हटलं की पंढरपूर आठवतं :) आणि आरनॅव्ह म्हणजे जीपीएसच असं नाही हां, किंग कंपनीचा केएनएस-८० नावाचा विमानातला डबा व्हीओआर-डीएमईवरच (डीएमई म्हणजे स्टेशनपासूनचं अंतर सांगणारं यंत्र) हे करायचा, स्टेशनपासून अमुक रेडियल (दिशेची रेघ) तमुक मैल भरलं की तिथं जणू दुसरं स्टेशन उभं केल्यासारखी सुई चालायची, असे ४ पॉइंट त्यात मावायचे.

आरएनपीचं म्हणाल तर आकडा दोन्हीकडे सारखाच वाचायचा. आरनॅव्ह १ असो की आरएनपी १, उड्डाणाच्या ९५ टक्के वेळ ठरल्या रेषेपासून १ नॉटिकल मैलाच्या आत. पण आरएनपीत डब्याने स्वतःवर लक्ष ठेवायचं आणि भरवसा उरला नाही की पायलटला सांगायचं, ही अट जास्तीची. जीपीएसमध्ये ते काम रेम (रिसीव्हरने स्वतःच करायची तपासणी) करतं. जागा काढायला ४ उपग्रह पुरतात, त्यातला एखादा चुकतोय हे कळायला ५ लागतात आणि नेमका तो हुडकून बाजूला काढायला ६. बॅरो अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून उंची सांगणारा) जोडला असेल तर एक कमी चालतो.

चार्टच्या नावाचा घोळ मात्र निव्वळ कागदी आहे, आयकाओने (विमानवाहतुकीची जागतिक संघटना) अप्रोचला (रनवेकडे उतरत यायच्या ठरल्या वाटेला) आरएनपी म्हणायचं ठरवलं, अमेरिकेने आरनॅव्ह जीपीएसच ठेवलं.

कोकण्या: मग एलपीव्ही कुठं बसतं यात?

उडाणटप्पू: एलपीव्ही म्हणजे उपग्रहावरून दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारा अप्रोच, ती त्याच चार्टवरची मिनिमाची (रनवे न दिसता किती खाली यायचं त्या मर्यादेची) ओळ. नुसतं जीपीएस असून चालत नाही, उपग्रहावरून दुरुस्ती घेणारा रिसीव्हर लागतो, अमेरिकेत वास, आपल्याकडे गगन. एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचं एटीआर विमान राजस्थानात किशनगडला गगनवर एलपीव्हीनेच उतरलं होतं. भाच्याला एक सांगा, स्क्रीनवर एलनॅव्ह प्लस व्ही (एलनॅव्ह म्हणजे फक्त डावी-उजवी दिशा देणारा अप्रोच) दिसलं तर ती खाली नेणारी रेघ फक्त सल्ला आहे, मिनिमा एलनॅव्हचाच धरायचा, एमडीएच्या (त्या किमान उंचीच्या) खाली रनवे दिसल्याशिवाय जायचं नाही. त्या प्लसवर लई पोरं फसतात.

खिडकीवाला: वाचून दाखवलं. आता विचारतोय, चार्टवर काही वेपॉइंटभोवती (वाटेवरच्या ठरल्या बिंदूंभोवती) गोल का असतो?

उडाणटप्पू: गोल म्हणजे फ्लाय-ओव्हर, बरोब्बर वरून जाऊन मगच वळायचं. गोल नसेल तर फ्लाय-बाय, पॉइंट यायच्या आधीच वळायला लागायचं, किती आधी ते बॉक्स सांगतो.