विषय: दिवाळी अंकाचं स्मरणपान – एक विनंती

प्रेषक: सु. क.

मंडळी, नमस्कार.

दिवाळी अंकाच्या शेवटी आपण वर्षभरात गेलेल्यांचं पान छापतो. त्या पानाच्या तळाशी मला चार-पाच ओळी हव्या आहेत, इथे अमेरिकेत आमच्या शेल्टरमधल्या, म्हणजे बेवारस जनावरांच्या निवाऱ्यातल्या, गेलेल्या मांजरांसाठी. हसू आलं असेल तर हसून घ्या, मग पुढे वाचा.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तिथूनच मांजर घरी नेलंय. नेलेल्या मांजराचं ठीक असतं. त्याचे फोटो निघतात, वाढदिवस होतात, ते गेलं की घरात कुणाला धड जेवण जात नाही. मी बोलतेय ती कुणी न नेलेली. ती पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीतल्या नावानिशीच जातात. दहन सगळ्यांचं एकत्र होतं, राख परत येत नाही. चिठ्ठी निघते, पिंजरा ब्लीचने पुसला जातो आणि संध्याकाळी त्यात दुसरं मांजर असतं. तसं करावंच लागतं. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू साध्या साबणाने मरत नाही, जागेत वर्षभरसुद्धा टिकून राहतो आणि लस न झालेल्या पिल्लांची वेतंच्या वेतं नेतो.

उन्हाळ्यात पिल्लांचा हंगाम असतो. इतकी पिल्लं येतात की नावं संपतात, मग स्वयंसेवकांना विचारतात. एका वेताला मी पिठलं, भाकरी, ठेचा आणि खर्डा अशी नावं दिली. तिथल्या बायका अजून 'थेच्चा' म्हणतात. चौघंही बाटलीवरची, दर दोन-तीन तासांनी दूध. पिल्लू गार पडलं असेल तर आधी ऊब द्यायची, दूध नंतर, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. गार अंगात दूध पचत नाही. सगळं नियमाने करूनही भाकरीने दूध ओढणं सोडलं आणि ती गेली. बाकीची तिघं आता तीन घरांत माजली आहेत.

आजी म्हणून एक होती. खरं नाव डचेस. तिचे मालक वृद्धाश्रमात गेले, तिथे मांजर चालत नव्हतं. वय सतरा, दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. मानेमागची कातडी चिमटीत धरून तिला सलाइन द्यायचे. तेवढा वेळ ती मांडीवर बसायची. सलाइन संपलं की उठून ऑफिसातल्या प्रिंटरवर. त्या वयाचं मांजर कोण नेणार? प्रिंटरवरच राहिली शेवटपर्यंत.

टायगर हा रस्त्यावरचा बोका, डाव्या कानाचं टोक कापलेला, म्हणजे नसबंदी झालेला. त्याला एफआयव्ही होता, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू. एके काळी ही तपासणी पॉझिटिव्ह आली की पुष्कळ ठिकाणी तिथल्या तिथे मारायची सुई देत. आता देत नाहीत. अशी मांजरं नीट काळजी घेतली तर बरीच वर्षं जगतात. टायगरला मात्र 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचूनच लोक पुढच्या पिंजऱ्याकडे जायचे.

माझ्या वहीत आजवरची अशी नावं आहेत. ऑलिव्हर, बूट्स, पर्ल. एक बिननावाचं, नाव ठरायच्या आतच गेलं. एवढीच छापायची आहेत.

– सु. क.

*

प्रेषक: चिटणीस

ताई, जागा आहे. कुणाची हरकत असल्यास याच यादीवर कळवावं.

*

प्रेषक: वि. ना. ग.

सौ. सु. क. यांस, स. न. वि. वि.

यंदा त्या पानावर आमच्या हिचा फोटो आहे. एवढं लिहिलं म्हणजे पुरे व्हावं, पण गैरसमज नको म्हणून थोडं अधिक लिहितो.

मांजरांशी माझं वैर नाही. गिरगावात आमच्या चाळीत मांजर होतं. ते उंदरांसाठी होतं. मेलं तेव्हा म्युनिसिपालिटीचा माणूस घेऊन गेला, कुणी पान छापलं नाही. हिच्या माहेरची मंडळी हा अंक नागपूरला मागवून घेणार आहेत. वर हिचा फोटो आणि खाली 'भाकरी' असं त्यांनी वाचावं, हे मला पटत नाही.

शिवाय पंचबळीत गाय, कुत्रा, कावळा, मुंगी सगळ्यांची आठवण ठेवली आहे. मांजराची नाही. पूर्वजांनी काही विचार केला असेलच.

– वि. ना. ग.

*

प्रेषक: (जुने सभासद)

कृपया मला या यादीतून काढावे. मी डॅलसला राहायला गेलो त्याला दोन वर्षं झाली.

*

प्रेषक: श्री. भ.

फोटोच्या बाबतीत काकांशी सहमत. त्या पानाला हात लावू नये.

शास्त्राच्या बाबतीत मात्र नाही. पंचबळीत मांजर नाही हे खरं. मांजर स्वयंपाकघरातच असतं, आपलं पान कुणी वाढेल याची वाट ते बघत नाही! पण तर्पणात आपण 'आब्रह्मस्तंबपर्यंतं' म्हणून पाणी सोडतो. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सगळे आले. मांजर त्यात कुठेतरी बसतंच. तेव्हा नाही म्हणायचं तर आपल्याला नको वाटतं म्हणून म्हणावं, पूर्वजांवर ढकलू नये.

– श्री. भ.

*

प्रेषक: डॉ. प. जो.

ताई, ऑलिव्हर पोट फुगून गेला होता तोच ना? २०१७ साली? तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत त्यावरून ती एफआयपी असावी. मांजरांमध्ये एक साधा कोरोनाविषाणू असतो (आपल्या कोविडचा नव्हे), बहुतेकांना त्याने फार तर जुलाब होतात. थोड्या मांजरांत तो अंगातच बदलतो आणि मग पोटात नाहीतर छातीत पाणी साठतं. तेव्हा आम्हा डॉक्टरांकडे त्यावर काही नव्हतं. निदान झालं की सुई, हाच उपाय.

२०१९ मध्ये डेव्हिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांना दिलं, त्यातली २५ जगली. पण बाजारात ते अधिकृतपणे येईना. मग लोक फेसबुकवर ओळखी काढून चीनमधून कुप्या मागवायचे आणि घरीच रोज टोचायचे. मी स्वतः लिहून देऊ शकत नव्हते आणि 'मागवू नका' असं सांगायला जीभही रेटत नव्हती. जून २०२४ पासून अमेरिकेत आम्हाला ते रीतसर लिहून देता येतं. बारा आठवड्यांचा कोर्स. ऑलिव्हर आज आला असता तर बहुधा बरा होऊन कुणाच्या तरी घरी गेला असता. छापाल तेव्हा त्याच्या नावापुढे साल जरूर घाला.

आणि विषय मांजरांचाच निघालाय तर: ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी दिवाळीच्या सजावटीत लिलीची फुलं आणू नयेत. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. झेंडू आणा.

– प.

*

प्रेषक: अ. मो.

आम्ही युटातलं झायन राष्ट्रीय उद्यान बघून पुढच्या ब्राइसच्या उद्यानाला निघालो होतो. माउंट कार्मेल जंक्शनला डावीकडे वळायचं, तर लेकीच्या हट्टापायी उजवीकडे वळलो. साधारण सतरा मैलांवर कनाब, आणि गावाबाहेर बेस्ट फ्रेंड्स या प्राणिसंस्थेचं अभयारण्य. १९८४ पासूनचं. सुमारे १६०० जनावरं असतात असं सांगतात. कुत्री, मांजरं, घोडे, डुकरं, पोपट, सगळं. तिथे एंजल्स रेस्ट नावाची स्मशानभूमी आहे. लाल कडे, वाळू, आणि जागोजागी लोकांनी गेलेल्या जनावरांच्या नावाने टांगलेल्या विंडचाइम. वारा आला की सगळ्या एकदम वाजतात. मला तरी तो आवाज जरा जास्तच वाटला, बायकोला आवडला.

सांगायचा मुद्दा, तिथे कुणाची मालकी, कोण कुठून आलेलं, असं काही विचारत नाहीत. जे तिथे गेलं ते तिथलं.

– अ. मो.

*

प्रेषक: सु. क.

काका, फोटोखाली नको, हे मान्य. काकूंचं पान काकूंचंच राहू द्या. नागपूरला अंक पाठवताना टपालखर्चाचं माझ्याकडे लागलं.

वेगळं पान मात्र मी मागणार. तुमच्या चाळीतल्या मांजरासाठी कुणी काही छापलं नाही, तरी तुम्हाला ते इतक्या वर्षांनी आठवलं, कारण त्याला चाळ होती. जिन्यात कुणाच्या तरी पायात यायचं, कुणाचं तरी दूध सांडायचं. आमच्या प्रिंटरवरच्या आजीला आठवणारे मी, दोन पगारी माणसं आणि एक वृद्धाश्रमातले गृहस्थ, त्यांना आता स्वतःचं नावही पटकन सांगता येत नाही. माझी वही हरवली की संपलं. म्हणून छापायचंय, बाकी काही नाही.

वर्गणी नको, मदतीचं आवाहन नको, पंजाचे ठसे नि इंद्रधनुष्य तर मुळीच नको. फक्त नावं आणि सालं. प., ऑलिव्हरपुढे २०१७ घालते.

आणि चाळीतल्याचं नाव काय होतं?

– सु.

*

प्रेषक: वि. ना. ग.

वेगळं पान असल्यास हरकत नाही. अंकाची मुद्रितं मीच तपासतो आहे, तेव्हा मजकूर माझ्याकडे येईलच. 'दुःखद निधन' लिहू नये. 'गेली' लिहावं. बिननावाच्या पिल्लासाठी नुसती रेघ ओढू नका, छपाईत ती चूक वाटते. 'एक पिल्लू' असं लिहा.

चाळीतला मन्या. त्याचं नाव यादीत नको. तो काही तुमच्या शेल्टरचा नव्हता.

– वि. ना. ग.

*

प्रेषक: चिटणीस

ठरलं. पान ६२, पाककृतींनंतर. विम्याची अर्ध्या पानाची जाहिरात त्यासाठी मागे सरकवली आहे, जाहिरातदारांशी मी बोलतो. ताई, मजकूर रविवारपर्यंत युनिकोडमध्ये काकांकडे, पीडीएफ नको. सर्वपित्रीच्या जेवणाला किती जण येणार ते अजून निम्म्या लोकांनी कळवलेलं नाही, तेही याच उत्तरात कळवलंत तर बरं.

डॅलसच्या सभासदांना यादीतून काढलं आहे. त्यांची २०२२ ची वर्गणी बाकी आहे, कुणाच्या संपर्कात असल्यास सांगावं.