सी ड्राइव्ह लाल झालाय, आईची रेकॉर्डिंग्ज न गमावता जागा कशी करू? (इंदूर)

रामबागवाली
नमस्कार मंडळी. आईचा लॅपटॉप भरलाय. 256 जीबीची एसएसडी, 8 जीबी रॅम, आणि मोकळे फक्त 3 जीबी. आई घरी गाणं शिकवते, निम्म्या मुली ऑनलाइन. प्रत्येक क्लास ती ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये रेकॉर्ड करून मुलींना पाठवते. बुधवारी ऐन बंदिशीत 'डिस्क फुल' आलं आणि पाऊण तासाचं रेकॉर्डिंग गेलं. दिवसभर हळहळत होती. विंडोज दहावरून अकरावर परवाच्या शनिवारी नेलंय. पुढचा क्लास येत्या रविवारी सकाळी. बजेट 1500, त्यावर एक रुपया नाही. रेकॉर्डिंग्ज उडता कामा नयेत, ही पहिली अट.

पलासिया_सीए
सरळ 1 टीबीची एसएसडी टाका. मी गेल्या वर्षी टाकली, टॅली आता क्षणात उघडतं. सिल्व्हर मॉलमध्ये अर्ध्या तासात बसवून देतात, जुना डेटा जसाच्या तसा नव्या डिस्कवर. हे साफ कर, ते साफ कर करत बसण्यात आयुष्य जातं.

रामबागवाली
दादा, बजेट वर लिहिलंय.

मूळ_देवासचा
आधी हे सांगा की 256 पैकी दिसतात किती? माझ्यात 238 दिसतात. 18 जीबी कंपनीने गिळले. दुकानदाराशी भांडलो तर म्हणे 'ऐसाइच आता है भिया'.

बियाबानी_22
कोणी गिळलेले नाहीत. डिस्क बनवणारे 1000 च्या पटीत मोजतात आणि विंडोज 1024 च्या पटीत. डिस्क तीच, फक्त माप वेगळं.

मूळ_देवासचा
मग खोक्यावर 238 छापा ना. पैसे मी 256 चे मोजले. दुधात असं माप चालेल का?

लोकमान्यनगरकर
ताई, माझी चूक तुम्ही करू नका. मी सेटिंग्जमध्ये जाऊन स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स उघडलं आणि भराभर सगळ्या चौकटींवर खुणा केल्या. त्या यादीत 'डाउनलोड्स' पण असतं! वडिलांच्या घराच्या कागदांचं स्कॅनिंग, मुलाची मार्कशीट, सगळं तिथेच होतं. रीसायकल बिनमध्येही आलं नाही. एका दुकानात रिकव्हरीला दिलं, त्यांनी आठ दिवस ठेवून पैसे घेतले आणि एक फाइल परत दिली नाही. नंतर कळलं, एसएसडीवर पुसलेली जागा विंडोज लगेच डिस्कला कळवतं आणि डिस्क ती आतून रिकामी करून टाकते. जुन्या हार्ड डिस्कसारखं मागून शोधून काढणं बहुतेक वेळा होतच नाही. म्हणून तिथे एकेक ओळ वाचून खूण करा.

गप्पूकाका
क्लीनर टाका. एक बटण दाबलं की रजिस्ट्री साफ, रॅम साफ, सगळं साफ. मी 10 वर्षं वापरतोय.

बियाबानी_22
काका, रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची यादी, ती साफ करून जागा होत नाही. सगळी रजिस्ट्री मिळून काहीशे एमबी, त्यातून निघणार काय? उलट एखादी नोंद चुकून गेली तर प्रोग्रॅम बंद पडतो. 2017 मध्ये सीक्लीनर नावाच्या अशाच क्लीनरच्या 5.33 आवृत्तीतच व्हायरस घुसवला होता, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून उतरलेल्या फाइलमध्ये. जे विंडोजमध्ये आधीच आहे त्यासाठी बाहेरचं कशाला?

गप्पूकाका
मला कधी काही झालं नाही.

बियाबानी_22
ताई, तुमच्या केसमध्ये पहिली जागा सांगतो. दहावरून अकरावर गेल्यावर जुनं विंडोज 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात पडून राहतं, 20 जीबीच्या वर सहज जातं. 10 दिवसांनी ते आपोआप उडतं, पण तुम्हाला रविवारच्या आत हवंय. त्याच टेम्पररी फाइल्समध्ये 'प्रिव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' वर खूण करा. फक्त नंतर परत दहावर जाता येणार नाही. आईचा माइक, साउंड कार्ड अकरावर नीट चालतात ना, ते आधी तपासा.
दुसरं, हायबरनेशन, म्हणजे बंद करताना चालू काम डिस्कवर साठवणं. रॅमच्या साधारण 40 टक्के फाइल असते, तुमच्याकडे 3 जीबीच्या आसपास. ॲडमिनच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ टाइप करा. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल आणि हायबरनेट करता येणार नाही, बाकी काही नाही.
आणि विंडोजच्या आतलं 'इन्स्टॉलर' किंवा 'विनएसएक्सएस' फोल्डर हाताने कधीही पुसू नका. मोठं दिसतं म्हणून लोक पुसतात, मग ना अपडेट होत ना प्रोग्रॅम निघत.

उसळपोहे
हेच लिहायला आलो होतो. विंडोज डॉट ओल्ड उडवा. माझे 27 जीबी सुटले.

जीवाजीगंज_ग्वाल्हेर
आई कोणत्या घराण्याचं शिकवतात? आमच्याकडे ग्वाल्हेरची तालीम, म्हणून विचारलं.

गप्पूकाका
इंदूरला राहून हे काय विचारायचं? इंदूर घराण्याच्या अमीर खाँ साहेबांचं गाव आहे हे.

जीवाजीगंज_ग्वाल्हेर
काका, गावावरून घराणं ठरत नाही. इंदुरात किती जण ग्वाल्हेरचं गातात, मोजून बघा.

रामबागवाली
आई ग्वाल्हेरचीच गायकी शिकवते :) पण कृपा करून डिस्कवर या.

जीवाजीगंज_ग्वाल्हेर
येतो. मीही क्लास रेकॉर्ड करतो. विझट्री नावाचा प्रोग्रॅम चालवा, कुठे किती जागा गेली ते मिनिटाच्या आत दाखवतो, पुसत काही नाही. माझा अंदाज, तुमची जागा विंडोजने नाही, ऑडॅसिटीने खाल्लीय. वेव्ह, म्हणजे पाठवायला काढलेली तयार फाइल, तासाला सव्वासहाशे एमबी. पण प्रोजेक्टची फाइल, जिच्या शेवटी एयूपी3 असतं, ती आवाज 32 बिटांत ठेवते, म्हणजे त्याच तासाला जवळपास दुप्पट. ट्रॅक जास्त असतील तर आणखी. एकेक क्लास दोनदा साठतोय.

रामबागवाली
बापरे. आत्ता चालवलं. एयूपी3 108 जीबी, वेव्ह 54 जीबी! विंडोज डॉट ओल्ड 22.

जीवाजीगंज_ग्वाल्हेर
मग सोपं आहे. वेव्ह तयार आहेत तर प्रोजेक्ट उडवा. वेव्हचं फ्लॅक या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये रूपांतर करा, आकार निम्म्याच्या आसपास येतो आणि आवाजातलं काहीही जात नाही. एमपी3 मात्र करू नका, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झंकार, मरते.

पलासिया_सीए
प्रोजेक्ट उडवाच. आणि एसएसडी टाकाच, सहा महिन्यांनी हेच होणार.

उसळपोहे
प्रोजेक्ट उडवा, वेव्ह ठेवा. +1.

मूळ_देवासचा
2 टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो 600 रुपयांत, त्यात टाकून द्या सगळं. बजेटात बसतं.

लोकमान्यनगरकर
नका हो! एका दुकानातून असाच आणला होता. कॉम्प्युटरला 2 टीबी दाखवतो, आत खरे 32 जीबी. त्यापुढे टाकलेलं सगळं नुसतं नावाला दिसतं, उघडायला गेलं की काही नाही. असं काही घेतलंच तर एच2टेस्टडब्ल्यू चालवून आधी काठोकाठ भरून बघा. मी बघितलं नाही, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ गेला.

रामबागवाली
घरात आधीच्या लॅपटॉपची 500 जीबीची अडीच इंची हार्ड डिस्क पडून आहे. तिला यूएसबीची केसिंग लावली तर?

बियाबानी_22
किती जुनी?

रामबागवाली
2014 ची.

बियाबानी_22
नको. एवढ्या जुन्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवायची नाही.

पलासिया_सीए
अजिबात नको.

उसळपोहे
नको ताई. माझी अशीच एक दिवस टकटक करायला लागली आणि गेली.

रामबागवाली (शनिवार रात्र)
सगळ्यांचे आभार. काय केलं ते लिहिते, कारण तुम्ही सांगितलंत त्याच्या उलटं केलंय.
प्रोजेक्ट उडवायचं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, तंबोरा एका ट्रॅकवर आणि गळा दुसऱ्यावर आहे. एखादी मुलगी तिसऱ्या महिन्यात सूर सोडायला लागली की ती तंबोरा बंद करून नुसता तिचा आवाज तिला ऐकवते. वेव्हमध्ये दोन्ही मिसळलेलं, त्यातून ते वेगळं निघत नाही. प्रोजेक्टातून वेव्ह मात्र केव्हाही परत काढता येते. म्हणून एयूपी3 ठेवल्या आणि वेव्ह उडवल्या. उडवण्याआधी प्रत्येक प्रोजेक्ट उघडून थोडा थोडा ऐकला, शुक्रवारची रात्र त्यातच गेली. दोन उघडेनात, त्या क्लासांच्या वेव्ह ठेवल्या.
माइक अकरावर नीट चालतोय, म्हणून विंडोज डॉट ओल्ड पण काढलं. डाउनलोड्सवर खूण नव्हती, तीनदा बघितलं.
केसिंग मात्र आणलीच, बजेट अर्धंही लागलं नाही. डिस्कची तब्येत तपासणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोने जुन्या डिस्कला 'गुड' म्हटलं. प्रोजेक्टांची दुसरी प्रत तिच्यावर, मूळ लॅपटॉपवरच. दिवाळीत भाऊ पुण्याहून आला की तिसरी त्याच्याकडे जाईल. आता 78 जीबी मोकळे आहेत.

बियाबानी_22
दोन प्रती असतील तर माझी तक्रार नाही. महिन्यातून एकदा डिस्क लावून दोन-चार फाइल्स उघडून बघत जा.

जीवाजीगंज_ग्वाल्हेर
ट्रॅक वेगळे आहेत हे मी विचारायला हवं होतं. आईंचं बरोबर आहे. मी माझे प्रोजेक्ट मागच्या वर्षीच उडवले, आता रुखरुख लागलीय.

पलासिया_सीए
78 जीबी किती दिवस पुरणार? एसएसडी.

लोकमान्यनगरकर
ते विझट्री मराठीत आहे का? माझाही सी लाल आहे, पण आता काही दाबायची हिंमत होत नाही.