किहान्सीचा बेडूक डायरेक्ट पिल्लं घालतो
बेडूक म्हटला की अंडी आणि टॅडपोल (पाण्यात पोहणारी शेपटीवाली पिल्लं) आलेच, असं आपण धरूनच चालतो, पण टांझानियातल्या उडझुंग्वा डोंगरातला किहान्सी स्प्रे टोड बघा, जेमतेम दोन सेंटीमीटरचा, पिवळसर, आणि मादी थेट पिल्लंच घालते, तीही बोटाच्या नखावर आरामात मावतील एवढी! राहायला जागा काय, तर धबधब्याच्या तुषारांनी सतत भिजणारा दरीतला उतार, बास. सापडला १९९६ मध्ये, तोवर वर धरणाचं काम सुरूही झालेलं (आपल्याकडे वेगळं काय होतं म्हणा), मग २००० च्या सुमारास पाणी विजेसाठी वळवलं आणि तुषारच आटले. फवारे बसवले, तरी पुढे बुरशीचा रोग आला आणि २००९ ला निसर्गातून नामशेष जाहीर. नशीब, काहीशे बेडूक आधीच अमेरिकेतल्या झूमध्ये नेले होते, त्यांचीच पिलावळ २०१२ पासून परत त्या दरीत सोडलीये.