गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया थांबवण्याचा निर्णय एमआरआयवर सोपवावा का?

धागाकर्त्या (रेडिओलॉजिस्ट, नाशिक):
गुदाशयाच्या कर्करोगाचा रुग्ण माझ्याकडे येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातात फक्त सीटी स्कॅनच्या फिल्म असतात आणि तेवढ्यावरच पोटावर शौचासाठी कायमची पिशवी येणार असे त्याला सांगून झालेले असते. याला माझा ठाम आक्षेप आहे. रोग यकृतात वा फुफ्फुसात पोहोचला आहे का, हे सीटी चांगले सांगते. परंतु गुदाशयाभोवतीच्या चरबीला वेढणाऱ्या पातळ पडद्यापासून गाठ किती मिलिमीटर दूर आहे, हे एमआरआयइतके स्पष्ट सीटीत दिसत नाही. हे अंतर 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कापलेल्या कडेवर रोग उरण्याची भीती असते, आणि म्हणून आधी किरणोपचार व केमोथेरपी देण्याचा विचार करावा लागतो. युरोपातील ‘मर्क्युरी’ अभ्यासात (2006) 408 रुग्ण होते. त्यांपैकी 349 जणांत कडा मोकळी राहील असे एमआरआयने वर्तवले आणि 327 जणांत ते खरे ठरले.

माझे म्हणणे याच्या पुढचे आहे. उपचारानंतर गाठीच्या जागी एमआरआयवर केवळ काळा, चपटा व्रण उरला असेल, डिफ्युजन प्रतिमेत (एमआरआयच्या ज्या प्रतिमेत पेशींची दाटी चकाकते तिच्यात) चकाकी दिसत नसेल आणि दुर्बिणीतही जागा स्वच्छ असेल, तर शस्त्रक्रिया थांबवून रुग्णावर लक्ष ठेवणे हा पर्याय त्याच्यासमोर मांडलाच पाहिजे. साओ पावलोच्या सर्जन अँजेलिटा हाब्र-गामा यांनी 2004 मध्येच असे 71 रुग्ण शस्त्रक्रियेविना सांभाळल्याचा अनुभव प्रसिद्ध केला आहे.

प्रतिसाद (कर्करोग सर्जन, सोलापूर):
मॅडम, उपचारापूर्वीच्या एमआरआयबद्दल माझे दुमत नाही. तो नसेल तर मी शस्त्रक्रियेची तारीखच देत नाही. शस्त्रक्रिया थांबवण्याच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्या विरोधात आहे. किरणोपचारानंतरच्या व्रणात पेशींचे लहान पुंजके दडून राहतात आणि ते कोणत्याही प्रतिमेत दिसत नाहीत. उलट, श्लेष्मल (बुळबुळीत द्रव तयार करणाऱ्या) प्रकारच्या गाठीतील पेशी मेल्या तरी मागे उरलेले श्लेष्म एमआरआयच्या टी-२ प्रतिमेत पांढरेच दिसत राहते, म्हणजे रोग गेला तरी गाठ असल्यासारखे वाटते. गुदाशयात थोडी हवा असली, तरी डिफ्युजनची प्रतिमा बिघडते.

शिवाय, रोग पूर्ण गेल्यासारखा वाटलेल्या 880 रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे चतुर्थांश रुग्णांत दोन वर्षांच्या आत गाठ त्याच जागी पुन्हा वाढली, आणि अशा पुनर्वाढींपैकी 97 टक्के आतड्याच्या भिंतीतच होत्या. भिंतीतली गाठ दुर्बिणीला दिसते, बोटाला लागते. मग निर्णय एमआरआयवर सोपवण्याचे कारण काय?

आणि पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी येणार कोण? माझे कितीतरी रुग्ण तोडणीच्या हंगामात गाव सोडतात. अकरा महिने न फिरकलेला एक रुग्ण रक्तस्राव घेऊनच परत आला, आणि जी शस्त्रक्रिया आधी सोपी झाली असती, तिच्यात मूत्राशयही काढावे लागले. तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

प्रतिसाद (रुग्णाची मुलगी, सांगली):
मी डॉक्टर नाही, परंतु वडिलांची फाईल गेली दीड वर्ष माझ्याच हातात आहे. त्यांचा पहिला एमआरआय घाईत झाला होता. रिपोर्ट चार ओळींचा होता: ‘गुदाशयाची भिंत जाड, भोवतीच्या चरबीत रेषा, इतर तपासण्यांशी पडताळून पाहावे.’ पडद्यापासूनचे अंतर नाही, गुदद्वाराच्या स्नायूंचा उल्लेखही नाही. दुसऱ्या शहरातील डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला आणि गाठीच्या अक्षाला काटकोनात, तीन मिलिमीटरच्या पातळ छेदांनी तपासणी पुन्हा करायला लावली. तेव्हा कुठे कळले की गुदद्वाराचा स्नायू रोगापासून मोकळा आहे. एकाच यंत्राने दोन वेगळी उत्तरे दिली; फरक तपासणी करणाऱ्यांचा होता.

उपचारानंतर वडिलांनी लक्ष ठेवण्याचा मार्ग निवडला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्यांनी स्वतः लाल पेनाने पुढच्या तारखांना गोल केले आहेत. सर्जनसाहेब, आपल्या रुग्णाचे दुःख मला समजते. परंतु ऊसतोड करणारा माणूस येणारच नाही असे आधी गृहीत धरून त्याला पर्यायच न सांगणे, हे मला पटत नाही. गैरहजेरीची शिक्षा म्हणून आयुष्यभराची पिशवी द्यायची का?

सर्जन, सोलापूर:
ताई, शिक्षा हा शब्द मला लागला, पण प्रश्न रास्त आहे. पर्याय सांगायलाच हवा, हे मान्य. माझी अट एवढीच की तो सांगणाऱ्या रुग्णालयाने रुग्णाला फोन करण्यासाठी नेमलेला माणूस ठेवावा; तारीख चुकली तर दुसऱ्याच दिवशी फोन गेला पाहिजे. अशी सोय जिथे नाही, तिथे मी शस्त्रक्रियेचाच सल्ला देईन.

धागाकर्त्या:
97 टक्क्यांचा मुद्दा मला मान्य आहे. शीर्षकातील ‘सोपवावा’ हा शब्द मी घाईत वापरला. दुर्बीण, बोटाची तपासणी आणि एमआरआय ही तिन्ही एकत्रच वाचायला हवीत. तरीही भिंतीबाहेरच्या चरबीतील लसिकाग्रंथी आणि रक्तवाहिनीत शिरलेला रोग दुर्बिणीला कधीच दिसणार नाही, म्हणून एमआरआय वगळून लक्ष ठेवणे मला धोक्याचे वाटते. फोन करणाऱ्या माणसाच्या अटीबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही: सोय नसलेल्या ठिकाणच्या रुग्णाला शस्त्रक्रियेकडे वळवण्याआधी, सोय असलेल्या केंद्राकडे पाठवावे.

ताईंनी सांगितलेला चार ओळींचा रिपोर्ट आमच्या शाखेला शोभणारा नाही. पडद्यापासूनचे अंतर, गुदद्वारापासूनची उंची, स्नायूंची स्थिती आणि रक्तवाहिन्यांतील शिरकाव, एवढे लिहिल्याशिवाय मी स्वतः सही करत नाही. अपुरा रिपोर्ट हाती आला तर सर्जननी तो परत पाठवावा; आम्हाला त्याचा राग येता कामा नये.

सर्जन, सोलापूर:
परत पाठवतो, आणि रुग्णाला पुन्हा खर्च पडू नये म्हणून आधी फोन करून त्याच प्रतिमा नव्याने वाचायला सांगतो. छेदच चुकीच्या दिशेने घेतले असतील, तर मात्र तपासणी पुन्हा करावी लागते, आणि तिचा खर्च कोणी सोसायचा यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.