मदत हवी आहे : त्वचेच्या कर्करोगानंतर ऊन टाळून ड जीवनसत्त्व कसे टिकवावे?

नमस्कार. गेल्या वर्षी माझ्या नाकपुडीजवळ मोहरीएवढा, मोत्यासारखा चकाकणारा उंचवटा आला. टॉवेलने तोंड पुसताना त्यातून वारंवार रक्त येऊ लागले, तेव्हा तपासणीत बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेने तो पूर्ण काढला आहे, परंतु त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार मी आता लांब बाह्या, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन यांशिवाय बाहेर पडत नाही.

अलीकडे रक्तातील ड जीवनसत्त्वाची पातळी १४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आली. २० च्या खाली कमतरता मानतात. खिडकीच्या काचेतून ऊन घ्यावे, असे एका नातेवाइकांनी आपुलकीने सुचवले. मात्र उन्हातील ज्या यूव्हीबी या अतिनील किरणांमुळे त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते, त्यांना काच जवळजवळ पूर्ण अडवते आणि यूव्हीए हे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात आत येतात, त्यामुळे लाभ काहीच नाही आणि त्वचेला धोका मात्र राहतो.

सध्या ड जीवनसत्त्वाच्या (डी३) गोळ्या सुरू आहेत. माझी खरी काळजी त्या संपल्यानंतरची आहे. प्रौढांसाठी रोज ६०० आणि सत्तरीनंतर ८०० आययू (जीवनसत्त्वाची मात्रा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) पुरेसे मानले जातात, पण ते उन्हापासून जवळजवळ पूर्ण दूर राहणाऱ्या माणसाला पुरतात का? मला पूर्वी मूतखडा झाला होता आणि अतिरिक्त मात्रेने रक्तातील कॅल्शियम वाढते, म्हणून अंदाजाने गोळ्या वाढवण्याची भीती वाटते.

आपल्यापैकी कोणी अनेक वर्षे ऊन टाळत असल्यास, आपल्या डॉक्टरांनी कोणती नियमित मात्रा ठरवली, रक्ततपासणी किती महिन्यांनी होते, आणि मासे, अंड्याचा बलक किंवा ड जीवनसत्त्वयुक्त दूध यांनी पातळीत काही फरक पडला का, हे कृपया कळवावे.