ख्रिस स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर': सहा महिने शांतता आणि मग एका रात्रीत नंबर १, हे नक्की झालं कसं?

नवाश्रोता:
कंट्री म्युझिक मी अलीकडेच ऐकायला लागलोय, त्यामुळे प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. अमेरिकन कंट्री गायक ख्रिस स्टेपलटनचा ट्रॅव्हलर मे २०१५ मधे आला, बिलबोर्ड २०० वर (अमेरिकेचा अल्बम चार्ट) १४ नंबरला एंट्री, पहिल्या आठवड्यात साधारण २७ हजार खप. म्हणजे पहिल्या अल्बमला अगदीच वाईट नाही पण लोकांनी डोक्यावर घेतला असंही नाही, आणि मग हळूहळू चार्टवरून गायबच. नोव्हेंबरमधे सीएमए अवॉर्ड्सला (कंट्री म्युझिक असोसिएशनचे पुरस्कार) हा पॉपस्टार जस्टिन टिंबरलेकसोबत गातो काय आणि पुढच्याच चार्टवर अल्बम परत येतो तो थेट नंबर १ ला. अल्बम तोच, गाणी तीच, दाढी पण तीच. मग मधले सहा महिने लोक काय करत होते? की सगळी टिंबरलेकची कृपा? आणि अजून एक, एवढ्या मुरलेल्या माणसाला 'न्यू आर्टिस्ट ऑफ द इयर' देतात हे जरा विनोदी नाही का?

पेडलस्टील:
लोक काय करत होते यापेक्षा रेडिओ काय करत होता हे विचार. अमेरिकेत कंट्रीचं सगळं गाडं तेव्हा रेडिओवर चालायचं (अजूनही बरंचसं चालतं), आणि २०१३ ते १५ हा 'ब्रो-कंट्री'चा भर होता, पिकअप ट्रक, बियर, शॉर्ट्समधली पोरगी, मागे ड्रम लूप, झालं गाणं. त्यात हा माणूस वडिलांवर आणि एकटेपणावर गाणार, तेही अशा आवाजात की धड कंट्री म्हणावं की सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण संगीत) ते कळू नये. त्याच मे महिन्यात एका रेडिओ कन्सल्टंटने जाहीर सांगितलं होतं की कंट्री रेडिओ म्हणजे सॅलड, पुरुष गायक त्यातला लेट्यूस आणि बायका म्हणजे टोमॅटो, त्यामुळे त्या जरा कमीच घाला. केवढा गदारोळ झाला होता त्यावर. तर प्लेलिस्ट अशा डोक्यांनी ठरत होत्या. टायटल साँग सिंगल म्हणून रेडिओला पाठवलं होतं, फार वर गेलंच नाही. समीक्षकांनी मात्र अल्बम पहिल्यापासून उचलून धरला होता, तेव्हा 'कुणालाच माहीत नव्हता' हे काही खरं नाही.

आणि रेडिओची थप्पड त्याला आधीच एकदा बसली होती. २०१३ मधे 'व्हॉट आर यू लिसनिंग टू' नावाचं सिंगल आलं, आपटलं, आणि ज्या अल्बमसाठी ते होतं तो अल्बम बाहेरच आला नाही. त्याच ऑक्टोबरमधे वडील गेले. मग बायकोने, मॉर्गनने, पुढाकार घेऊन १९७९ ची जुनी जीप घेतली आणि दोघं फिनिक्सहून नॅशव्हिलपर्यंत (कंट्री म्युझिकच्या धंद्याचं मुख्य शहर) ती चालवत आले. ट्रॅव्हलर हे गाणं त्या रस्त्यातच सुचलं. त्यानंतर डेव्ह कॉब प्रोड्युसर म्हणून आला आणि पुढचं रेकॉर्डिंग मुख्यतः नॅशव्हिलच्या जुन्या, नावाजलेल्या आरसीए स्टुडिओ ए मधे झालं. २०१४ मधे ती इमारत पाडायला निघाले होते, कशीबशी वाचली.

तिरकस:
टिंबरलेकची कृपा नाही असं म्हणणं म्हणजे जरा भाबडेपणा आहे हां. लाखो लोक टीव्हीसमोर बसलेत, त्यातल्या बहुतेकांनी या माणसाचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि शेजारी जगप्रसिद्ध पॉपस्टार उभा आहे. आठेक मिनिटं चाललं ते, आधी या अल्बममधलं टेनेसी व्हिस्की आणि मग टिंबरलेकचं ड्रिंक यू अवे. व्हिडिओ बघा परत, पहिल्या ओळीला स्टेपलटन हॅट खाली ओढून तोंड वर न करता गातोय, काही 'शो' नाहीच, आणि जेव्हा तो 'व्हिस्की' शब्द घेऊन सुरांची जिलबी पाडतो तिथे सगळा हॉल हलतो. सकाळपर्यंत अल्बमचं नाव सगळीकडे. हे टिंबरलेकशिवाय झालं असतं का? मला नाही वाटत.

बी-साईड:
@तिरकस विक्रीबाबत मान्य, अवॉर्ड्सबाबत अजिबात नाही. सीएमएचं मतदान कार्यक्रमाच्या आधीच बंद झालेलं असतं!! म्हणजे तो स्टेजवर चढला तेव्हा तिन्ही अवॉर्ड्स, अल्बम, मेल व्होकलिस्ट आणि न्यू आर्टिस्ट, आधीच त्याच्या नावावर झालेले होते, फक्त पाकिटं उघडायची बाकी होती. एकाच वर्षी ही तिन्ही घेणारा तो पहिलाच. मेल व्होकलिस्ट तर त्याआधी लागोपाठ पाच वर्षं ब्लेक शेल्टनकडे होतं.

आता मत देणारे कोण? सीएमएचे सदस्य, म्हणजे धंद्यातलेच लोक, गाणी लिहिणारे, वाजवणारे, लेबलवाले, पब्लिशर. त्यांच्यासाठी हा अजिबात नवीन नव्हता. केनी चेस्नी, जॉर्ज स्ट्रेट, डेरियस रकर, ल्यूक ब्रायन (ड्रिंक अ बियर), सगळ्यांनी त्याची गाणी गायलेली. दुसऱ्या गायकांना ऐकवायला त्याने गाऊन ठेवलेले डेमो ऐकून ऐकून नॅशव्हिलमधल्या अर्ध्या लोकांना हा आवाज पाठ होता आणि 'हा स्वतः का गात नाही' हे त्यांचं जुनं दुखणं होतं. त्यामुळे माझ्या मते सहा महिने वगैरे काही नाही, गावातल्या लोकांचा निकाल कधीच लागला होता. बाहेरच्यांपर्यंत तो पोचायचा रस्ता रेडिओने अडवलेला होता, त्या रात्री टीव्हीने रेडिओला वळसा घातला एवढंच. त्या आठवड्याचा आकडा विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून १ लाख ७७ हजार आहे, आणि त्यातली बहुतेक थेट अल्बमची विक्री होती, नुसतं एक गाणं स्ट्रीम करून लोक थांबले नाहीत.

जुनीकॅसेट:
'न्यू आर्टिस्ट'वर हसायला हरकत नाही, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. पण सोलो अल्बम पहिलाच, तेव्हा नियमात बसतं. त्याआधी स्टीलड्रायव्हर्स नावाच्या ब्लूग्रास (बँजो-फिडलवालं पारंपरिक कंट्री) बँडचा मुख्य गायक होता, २०१० मधे सोडला, मग जॉम्पसन ब्रदर्स नावाचा रॉक बँड. स्टीलड्रायव्हर्सचं 'इफ इट हॅडन्ट बीन फॉर लव्ह' तर ॲडेलने तिच्या '२१' अल्बमच्या बोनस ट्रॅकमधे गायलंय, ऐकलं नसेल तर आधी ओरिजिनल ऐक.

बाकी मला सगळेच एवढे भारावलेले बघून थोडं बोलावंसं वाटतं. १४ गाणी जास्त आहेत, मधे अल्बम ढिला पडतो. दारूवरची गाणी तर विचारू नका, व्हिस्की, परत व्हिस्की, मधे गांजा. आणि ज्या गाण्याने नाव झालं ते टेनेसी व्हिस्की याने लिहिलेलं नाहीच, डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांचं, १९८१ मधे डेव्हिड ॲलन कोने गायलं आणि १९८३ मधे जॉर्ज जोन्सने गाजवलं. याने ते सोल गायिका एटा जेम्सच्या 'आय'ड रादर गो ब्लाइंड'सारख्या चालीवर इतकं संथ केलं की ऐकणाऱ्याला वाटावं हे सोलचंच गाणं, हे कबूल, कमालच आहे ती. पण मला विचाराल तर अल्बममधलं खरं गाणं 'व्हिस्की अँड यू'. टिम मॅक्ग्रॉने २००७ मधे रेकॉर्ड केलंय ते, छान गुळगुळीत. इथे फक्त एक गिटार आणि आवाज, बास नाही ड्रम नाही, आणि वरच्या सुराला आवाज फाटतो तो तसाच ठेवलाय. दुसऱ्या कुणी प्रोड्युसरने 'परत एक टेक घेऊ' म्हटलं असतं.

तिरकस:
@बी-साईड मतदानाचा मुद्दा बरोबर, तो डोक्यात नव्हता आला. पण मग रेडिओवाले दुसऱ्या दिवशीपासून सुधारले असं समजायचं का?

पेडलस्टील:
सुधारतात कसले. टेनेसी व्हिस्की हॉट कंट्री साँग्जवर (बिलबोर्डचा कंट्री गाण्यांचा चार्ट) नंबर १ झालं ते डाऊनलोड आणि स्ट्रीमिंगच्या जोरावर, रेडिओने फार वाजवलं म्हणून नाही. याच अल्बममधलं 'नोबडी टू ब्लेम' २०१६ मधे रेडिओच्या चार्टवर कसंबसं टॉप टेनपर्यंत सरकलं, तोवर फेब्रुवारीत ग्रॅमीचा बेस्ट कंट्री अल्बम पण घेऊन झाला होता.

नवाश्रोता:
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री हेडफोन लावून सलग ऐकला, त्याची बायको हार्मनीला येते तिथे दर वेळी व्हॉल्यूम वाढवला. हार्मोनिका कोण वाजवतंय? आणि यानंतर कुठला ऐकू?

जुनीकॅसेट:
हार्मोनिका मिकी राफेल, विली नेल्सनसोबत कित्येक दशकं वाजवणारा. पुढचा 'फ्रॉम अ रूम: व्हॉल्यूम १', २०१७ चा. नऊच गाणी आहेत, माझी तक्रार त्याने ऐकली बहुतेक 😄 त्यातलं 'ब्रोकन हेलोज' २०१८ मधे रेडिओच्या चार्टवर एकदाचं नंबर १ झालं.